भामाबाईची पात

मोहनरावाच्या अकरा एकरांत कापसाची दुसरी वेचणी लागली होती आणि भामाबाईच्या पातीत बारा बाया होत्या. प्रत्येकीला दोन ओळी. अलीकडच्या बांधाला वाकायचं ते पलीकडच्या बांधाला ताठ व्हायचं, मधे कुणी पात सोडायची नाही, हा भामाबाईचा नेम. जी मधेच उठली तिच्या ओळी शेजारणीनं वेचून घ्यायच्या, तो कापूस शेजारणीच्या ओटीत जायचा, आणि त्यावर भांडायला जागा नव्हती. दुपारची भाकर सुटेपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही, हा दुसरा नेम. पहिला पाळायचा असेल तर दुसरा पाळावाच लागतो, हे न सांगता सगळ्या बायांना कळत होतं.

तेलगावपासून सिरसाळ्यापर्यंत कुणाही कापूसवाल्याला विचारलं तरी तो सांगायचा, भामाबाईची पात मधे उठत नाही. एवढ्या एका बोलण्यावर दर हंगामाला तिला सगळ्यांच्या आधी बोलावणं यायचं. ह्याचा तिला ताठा होता. का नसावा? बाकी ताठा करावा असं त्या घरात दुसरं होतं तरी काय?

संगीता तिची सून. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठही वर्षं ती पातीत दुसरी, सासूच्या डाव्या हाताला. त्या दिवशी अकराच्या सुमाराला तिच्या उजव्या कुशीत कळ आली. तिला वाटलं, वाकून वाकून कंबर भरली असेल. पण ती कळ पाठीतून निघून ओटीपोटात आली, तिथून जांघेत उतरली आणि तिच्या बोटांतलं बोंड गळून पडलं. अंगाला दरदरून घाम सुटला. कार्तिकातलं ऊन काही एवढं नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पोटात लई दुखायलंय."

"बांध आलाच की," भामाबाई मान वर न करता म्हणाली.

बांध पन्नास पावलांवर होता. ती पन्नास पावलं संगीता कशी चालली ते तिचं तिला ठाऊक. एक हात कुशीवर दाबून दुसऱ्या हातानं ती वेचत राहिली. सुकलेल्या बोंडांची टोकं नखाखाली शिरत होती आणि ती टोचणी तिला त्या दिवशी बरी वाटली, कारण तेवढा वेळ कुशीतलं विसरायला होत होतं. दोन्ही ओळी संपवून ती बांधावर आली, ओटी सोडली आणि तिथंच उकिडवी बसून भडाभडा ओकली.

मोहनराव चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. एकदा पंचायत समितीला उभा राहून पडलेला माणूस, पण बसायची ढब निवडून आलेल्याची होती. शेजारी स्टीलची लांब बाटली. तो उठला नाही, पण मान पुढं काढून त्यानं नीट पाहिलं.

"कुशीतनं जांघेत जातंय का?" त्यानं विचारलं. "अन् बसू का उठू असं होतंय?"

संगीतानं मान हलवली.

"मुतखडा हाय!" मोहनराव असा खुलला, जणू सोयरीकच निघाली. "मला झाला होता ना गेल्या साली. संभाजीनगरला लेझर मारून काढला. आठ एम्एम्. घरी या कधी, दाखवतो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा खडा काचेच्या चिमुकल्या बाटलीत घालून बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवला होता. भजनी मंडळाची ढाल एका बाजूला, नातवाचा कप दुसऱ्या बाजूला आणि मधे खडा. आल्यागेल्याला चहाआधी तो दाखवला जायचा.

"पाणी पी," तो म्हणाला. "डॉक्टरनं मला सांगितलंय, तीन लिटर. मी मोजून पितो." त्यानं बाटली तोंडाला लावली, घटाघटा प्यायला, तोंड पुसलं आणि दहा पावलं जाऊन बांधाच्या टोकाला पाठ करून उभा राहिला. पातीतल्या बायांनी माना खाली घातल्या. हे रोजचंच होतं.

*

माजलगावला दवाखान्यात तिला नवरा घेऊन गेला. रामेश्वर मेंढरांमागं राहणारा, कमी बोलणारा माणूस. मोटारसायकलवर प्रत्येक खड्ड्याला संगीता त्याच्या पाठीत नखं रोवत होती आणि तो प्रत्येक खड्ड्याला "सोस, आलंच," म्हणत होता.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पोटावर गार मलम लावून यंत्र फिरवलं आणि मग समोर बसवून विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"घरी गेल्यावर पिते की."

"आणि रानात?"

"भाकरीवर. गिलासभर."

"लघवीला किती वेळा जाता?"

रामेश्वर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. संगीता म्हणाली, "सकाळी निघताना. मग दिवस बुडाल्यावर."

"मधे नाही?"

"मधे कुठं जाणार, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आज तुम्ही तिसऱ्या आहात," त्या म्हणाल्या. "सगळ्या वेचणीच्या."

मग त्यांनी सांगितलं. लघवीत क्षार असतात. अंगात पाणी पुरेसं असलं की ते विरघळून निघून जातात. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, क्षार खाली बसतात आणि एकावर एक चढत जातात. संगीताला मेंढरांचा हौद आठवला. चैतात पाणी खाली जाईल तसा काठाला पांढरा थर धरायचा आणि तो खापरीनं खरवडूनही निघायचा नाही. तिनं ते बोलून दाखवलं.

"तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोच थर तुमच्या पोटात धरलाय. उजवीकडचा सहा मिलिमीटरचा आहे, खाली उतरलाय, म्हणून कळा. तो बहुतेक आपोआप पडेल. गाळणीतून लघवी करा, सापडला तर मला आणून द्या. पण ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका. आणि डाव्या किडनीत एक लहान बसलाय. चारचा."

"त्याला औषध?"

"त्याला पाणी. लघवी फिकी, पाण्यासारखी दिसेपर्यंत प्यायचं. उन्हात राबता, म्हणजे तीन-साडेतीन लिटर तरी. मीठ, लोणचं, ठेचा कमी. लिंबू पिळून प्या. दूध-ताक बंद करू नका, लोक उगाच बंद करतात. आणि आलेली लघवी दाबून धरायची नाही."

"आमच्या बोअरचं पाणी लई जड हाय," रामेश्वर पहिल्यांदा बोलला. "त्यानं झालं आसंल."

"न पिण्यापेक्षा जड पाणी बरं."

संगीतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "अन् डावीकडचा वाढला तर?"

"तर तोही एक दिवस अडकेल. वेळेत कळलं नाही तर किडनी सुजते, निकामी होते. तुम्ही सत्तावीस वर्षांच्या आहात. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पण हे औषध माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे."

परत येताना संगीता हेच घोळवत होती. हातात कुठं आहे? हातात तर बोंडं असतात.

*

घरी आल्यावर गावानं इलाज सुरू केले. भामाबाईनं कुठंसं ऐकून दूध बंद केलं आणि संगीतानं ते त्याच संध्याकाळी सुरू केलं, ह्यावरून दोघींचं वाजलं. शेजारच्या शहादेवानं रामेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, "बे, बियर पाज तिला. खडा धुऊन जातोय." रामेश्वरनं तेलगावहून दोन बाटल्या आणल्या. संगीतानं वास घेतला आणि ठेवून दिल्या. मग वाया नकोत म्हणून रामेश्वर आणि शहादेवानं त्या संपवल्या. त्या दोघांच्या पोटात खडे असतीलच तर ते धुऊन गेले असणार.

सासरा हरिबा मात्र काही न बोलता हुलगे भिजवायचा आणि सकाळी त्याचं पातळ कढण करून सुनेपुढं तांब्या ठेवायचा. हुलग्यानं खडा विरघळतो का ते कोण जाणे, पण तांब्याभर पाणी पोटात जायचं हे खरं. चाळीस मेंढरं आणि आठ शेरडं राखणारा तो म्हातारा. तिसऱ्या दिवशी तो चुलीपाशी बसून भामाबाईला म्हणाला, "खच्ची बोकडाला नुसती पेंड घातली अन् पाणी कमी पडलं, की त्याचं मूत अडतंय. दोन दिस पाय झाडतो अन् मरतो. जवानीत माझे तीन मेले तसे. तवापस्नं जित्राबाला हौदावर नेल्याबिगर मी भाकर खात न्हाई."

"मग?" भामाबाई म्हणाली.

"मग काय? जित्राबाला मी दोनदा पाण्यावर नेतो, अन् तू बारा बाया दिसभर कोरड्या हाकतीस."

"जित्राबाचं काय जातंय! ते कुठंबी उभ्या उभ्या मुततंय."

"तेच म्हणतो मी," हरिबा म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

भामाबाईनं त्या सकाळी भाकरी जरा जोरातच थापल्या.

नवव्या दिवशी खडा पडला. पहाटेपासून संगीता भिंतीला डोकं टेकून कण्हत होती, आणि उन्हं वर आल्यावर न्हाणीतून तिचा आवाज आला, "आत्याबाई, पडला!" गाळणीत ज्वारीच्या दाण्याएवढा, काटेरी, मातकट खडा होता. तिनं तो धुऊन सासूच्या तळहातावर ठेवला.

भामाबाईनं तो उजेडात धरला. "एवढ्यानं?" ती म्हणाली. "एवढ्याशानं तू नऊ दिस लोळतीस?"

"तुमी लोळून बघा," संगीता म्हणाली. असं ती आठ वर्षांत कधी बोलली नव्हती.

भामाबाई रागावेल असं वाटलं. पण ती उंबऱ्यावर टेकली आणि खडा बोटानं फिरवत राहिली. "मी नवी नवरी होते," ती म्हणाली. "ह्याच मोहनरावाच्या बापाचं रान. सकाळी लई पाणी प्याले अन् मग ऱ्हावंना. पऱ्हाटीआड बसले. तर म्हातारा बांधावरनं आरडला, 'कोण बे ती, माझं रान भिजवायली!' गडी हासले. दहा-बारा गडी होते. मी लुगडं धरून तशीच उठले, अर्ध्यातनं. त्या दिवसापस्नं रानात सकाळचं पाणी न्हाई. तीस वर्सं झाली."

"अन् मग तेच आमाला शिकवलंत."

"शिकवलं म्हणून तुमाला कुणी हासलं न्हाई."

"तुमाला दर उन्हाळ्यात आग होती लघवीला. थंडी वाजून येती. ते काय हाय मग?"

"उन्हाळी लागती. समद्यांनाच लागती."

"सगळ्या बायांनाच लागती," संगीता म्हणाली. तिनं खडा सासूच्या हातून घेतला आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला. तिला रडू येत होतं आणि सासूची कीवही येत होती, पण सगळ्यात जास्त राग येत होता, आणि तो त्या मेलेल्या म्हाताऱ्यावर काढता येत नव्हता.

*

पंधराव्या दिवशी ती पातीला गेली. मोहनरावाचं चिंचेकडचं तीन एकर रान उरलं होतं. तिनं थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्यांना ओलं बारदान शिवून घेतलं होतं. एक अलीकडच्या बांधाला ठेवली, एक पलीकडच्या. पात संपली की ती सगळ्यांदेखत उभी राहून प्यायची. बाकीच्या बाया ओठांवरून जीभ फिरवत बघायच्या.

दहाला तिला लघवीला लागली. ओढा डांबरी सडकेच्या पलीकडं, जायला दहा मिनिटं, यायला दहा. वेचून खाली केलेल्या पऱ्हाटीत गुडघाभर आडोसा नव्हता आणि सडकेवरून वडापच्या जीपा चालल्या होत्या. खरं तर रानातल्या आखाड्यावर, छपराच्या कडेला, पन्नास पावलांत संडास होता. चार वर्षांमागं योजनेतून बांधलेला. मोहनरावाच्या बायकोला, बायनाबाईला, त्याच्या दाराशी उभी करून फोटो काढला होता. फोटो गेला, पैसे आले आणि त्या दिवसापासून संडासात खताची पोती होती. कुलपाची चावी मोहनरावाच्या कडदोऱ्याला.

संगीता ओढ्यावर जाऊन आली तर तिच्या दोन्ही ओळी वेचून झाल्या होत्या. सासूनं वेचल्या होत्या. नेम तो नेम. दुपारपर्यंत असं तीनदा झालं आणि तिसऱ्यांदा भामाबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मोहनरावाचा थोरला, शिवशंकर, काट्यावर कापूस बांधलेली चवाळी लावत होता. संगीताचं गाठोडं पोरीच्या गाठोड्याएवढं भरलं. तो हसून म्हणाला, "वैनी, वेचायला आलतीस का मुतायला?"

ट्रॅक्टरजवळचे गडी हसले. संगीताचे कान तापले. तिनं सासूकडं बघितलं. भामाबाई चवाळ्याची गाठ सोडत होती आणि ती गाठ काही केल्या सुटत नव्हती.

"भामाबाई," मोहनराव खुर्चीतून म्हणाला, "उद्या हिला आणू नको. तुह्या पातीचं नाव खराब व्हायलंय." मग तो संगीताकडं वळला आणि मायेनं म्हणाला, "तू असं कर, पानफुटीचं पान खा रोज अनशापोटी. अन् पाणी पी. भरपूर पी."

"पिऊन कुठं जाऊ, दादा?"

"ते बायांचं बाया बघतेत," मोहनराव म्हणाला. तो उठला, बांधाच्या टोकाला गेला आणि पाठ करून उभा राहिला.

 घरी जाताना हौदापाशी भामाबाई थांबली. हरिबा मेंढरं पाजत होता. चाळीस तोंडं एका रांगेत पाण्याला लागलेली. ती बराच वेळ ते बघत उभी राहिली.

*

सकाळी संगीता मुद्दाम चुलीपाशी बसून राहिली. भामाबाईनं कमरेला ओटी बांधली आणि म्हणाली, "चल."

"दादा नको म्हणलेत."

"रान त्याचं हाय. पात माझी हाय. बाटल्या घे."

पूर्वेकडून आभाळ भरून आलं होतं. मोबाइलवर अवकाळीचा इशारा होता आणि मोहनरावाला खुर्चीत बसवत नव्हतं. तीन एकर कापूस फुटून झाडावर लोंबत होता. भिजला तर काळा पडणार आणि व्यापारी हात लावणार नाही. संगीताला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण बारा हातांचे अकरा करायची ती वेळ नव्हती. "आवरा, आवरा," करत तो बांधावरून येरझाऱ्या घालू लागला. येरझाऱ्यांत पाणी पीत होता आणि जात होता.

अकरा वाजता, पात अर्ध्यात असताना, संगीता ताठ झाली.

"बस खाली!" मोहनराव बांधावरून ओरडला. "आज कुणी उठायचं न्हाई. आभाळ दिसत न्हाई का?"

संगीता बसली नाही. 

"दादा, सकाळपस्नं तुमी चार येळा गेलात."

"काय?"

"चार येळा. त्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून. चारीबी येळा आमी माना खाली घातल्या. मी मोजलंय."

पातीच्या शेवटाला छबुबाई होती. तिच्या नाकातून हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण ते शेजारणीला लागलं, तिथून पुढच्या बाईला, आणि पात या टोकापासून त्या टोकापर्यंत हलू लागली. मोहनराव लाल झाला.

"गड्याचं येगळं आसतंय," तो म्हणाला.

"खडा येगळा न्हाई, दादा." संगीतानं कनवटीची डबी काढून उघडली. "तुमचा काचेच्या बाटलीत हाय, माझा डबीत. तुमच्या डॉक्टरनं जे सांगितलं तेच माह्या डॉक्टरनं सांगितलंय. माझा दुसरा अजून पोटात हाय. त्याच्यापायी मी किडनी घालवणार न्हाई. तुमच्या कापसापायी तर न्हाईच न्हाई. संडास उघडा."

"त्यात खत हाय."

"आमी काढतो."

"खत भिजंल ना माझं! लई शानी झालीस?" मोहनराव पातीच्या टोकाकडं वळला. "भामाबाई! सांग की हिला. तुह्या पातीत असलं कधी झालं न्हाई!"

भामाबाई अजून वाकलेलीच होती. तिचे हात चालू होते. बाकीच्या सगळ्या तिच्याकडं बघत राहिल्या. समोरच्या झाडाची बोंडं तिनं वेचली, वरची, मग खालची, एक किडकं होतं ते टाकून दिलं. मग गुडघ्यावर हात देऊन ती उभी राहिली. पात अर्ध्यात असताना. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिनं कमरेची गाठ सोडली आणि भरलेली ओटी होती तिथंच मातीवर ठेवली.

"बाया हो," ती म्हणाली, "सोडा ओट्या."

अकरा ओट्या खाली आल्या. बाया तिथंच ओळींत बसल्या. मोहनराव दोन मिनिटं बोलत होता. दिंद्रुडची टोळी आणतो म्हणाला, पुढच्या साली रानाच्या कडेलाही उभं करणार नाही म्हणाला. दिंद्रुडला फोनही लावला. तिकडंही लोकांचा कापूस असाच लोंबत होता, सगळ्यांच्या डोक्यावर हेच आभाळ होतं. फोन ठेवताना त्याच्या शर्टाचं टोक वाऱ्यानं उडालं. शिवशंकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, द्या ना चावी. जाईल समदं."

मोहनरावानं कडदोऱ्याची चावी सोडली आणि बायांच्या हातात न देता बांधावर फेकली. संगीतानं ती उचलली.

चौदा पोती निघाली. दोघी-दोघींनी एकेक उचलून आखाड्याच्या पडवीत रचलं. फवारणीचा पंप निघाला, उंदराचं घर निघालं. रोहिणी नावाची सगळ्यांत लहान बाई झाडू घेऊन आत शिरली. छबुबाईनं बोअरवरून बादल्या आणून ओतल्या. भांड्यावर चार वर्षांचं खत चिकटलं होतं, ते विटकरीनं घासून काढलं. मोहनराव आभाळाकडं बघत उभा होता आणि कुणीही घाई करत नव्हतं.

संगीता पहिल्यांदा गेली, कारण तिला आता उभं राहवत नव्हतं. ती बाहेर आली, हात धुतले, बारदानातली बाटली उचलली आणि सासूपुढं धरली.

"आत्याबाई, घ्या."

"मला लागली न्हाई तहान."

"घ्या."

भामाबाईनं बाटली घेतली. इकडंतिकडं बघितलं. खुर्चीपाशी मोहनराव होता, काट्याजवळ शिवशंकर, ट्रॅक्टरपाशी कालचे हसलेले गडी. तिनं पदर सावरला, मान मागं टाकली आणि सगळ्यांदेखत प्यायला लागली. तिचा सुरकुतलेला गळा वरखाली होत राहिला. पाणी हनुवटीवरून चोळीवर ओघळलं तरी ती थांबली नाही. बाटली अर्धी झाली तेव्हा तिनं श्वास घेतला आणि ती छबुबाईकडं दिली. छबुबाई प्याली, तिच्याकडून रोहिणीनं घेतली. दुसरी बाटली उघडली. तीही संपली तेव्हा एकीनं बोअरवरून भरून आणली.

मग भामाबाई उठली. घाई न करता आखाड्याकडं गेली, दार ओढलं आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाया बाहेर रांगेत बसल्या. पूर्वेकडं गडगडलं. बराच वेळ गेला. मोहनराव एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. पाचव्यांदा लागली असावी, पण आज त्याला बांधाच्या टोकाला जाववत नव्हतं. बाहेरच्या अकरा बायांपैकी एकीचीही मान खाली नव्हती.

शेवटी त्याला राहवेना. "भामाबाई, आवरा की आता," तो दाराकडं बघत ओरडला. "थेंब पडायलेत!"

"पडू द्या," आतून आवाज आला. "तीस वर्सांचं हाय, दादा. येळ लागंल."